पाण्याचा दिवस आणि गाण्याची संध्याकाळ

पत्र

ताई, नमस्कार.

मी ३९ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. मिस्टरांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत. सासूबाई ७४ वर्षांच्या. शुगर आहे, पण हिंडत्याफिरत्या आहेत. लग्नाआधी इथल्या हुतात्मा स्मृती मंदिरात होणारा गाण्याचा कार्यक्रम मी आणि वडील सहसा सोडत नव्हतो. मिस्टरांना गाण्यात गोडी नाही. त्यांना स्टँडअप कॉमेडी आवडते, रात्री मोबाइलवर बघत बसतात.

गेल्या फेब्रुवारीत हौसेनं पुण्यातल्या एका कॉमेडी शोची तिकिटं काढली. रविवारचा शो. दोन दिवस आधीपासून मी स्वयंपाक, डबे, इस्त्री उरकत होते. गाडीनं निघालो, हडपसरला अडकलो, सुरुवातीची वीस मिनिटं गेली. खुर्चीत टेकते तोच लेकीचा फोन: उद्या शाळेत पानांचा तक्ता न्यायचाय, पानं कुठं ठेवलीस? मग सासूबाईंचा: पाणी आलंय, मोटर चालू होईना. अर्धा शो मी बाहेर लॉबीत उभी. पहाटे तीनला घरी आलो तर टाकी कोरडी. आठ-नऊ हजार गेले ते वेगळेच. मिस्टर म्हणाले, आता दोन-तीन वर्षं नाव काढायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोरं मोठी झाल्यावर बघा की. आम्ही गणपतीतले मेळे बघितले तेवढेच, त्यानंतर कुठं काय."

आता पुढच्या महिन्यात शनिवारी हुतात्माला गाण्याचा कार्यक्रम आहे. मैत्रीण माझंही तिकीट काढते म्हणतेय. मी अजून हो म्हटलेलं नाही. जाऊ का? का खरंच मुलं मोठी होईपर्यंत थांबू?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या मैत्रिणीला फोन करून हो म्हणा, मग पुढचं वाचा. तिकिटं संपल्यावर माझा सल्ला काय कामाचा?

तुमच्या पत्रातली कोरडी टाकी वाचून मला हसू आलं, रागावू नका. सोलापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांनी एकदा येतं. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो की तळाला गेलेलं, पाळी ठरलेली, आणि त्या पाळीतही वेळ मागेपुढे होते. त्यामुळे इथल्या प्रत्येक घरात कुणाच्या तरी डोक्यात एक वेगळं पंचांग चालू असतं: आज पाण्याचा दिवस, आधी पिण्याचं भरायचं, मग खालची टाकी, मग मोटर लावून वरची. हे पंचांग जवळजवळ प्रत्येक घरात बाईच्याच डोक्यात असतं. तुमच्याकडेही तसंच दिसतंय, कारण त्या रात्री तुम्ही पुण्याला गेलात आणि पंचांगही तुमच्याबरोबर पुण्याला गेलं.

तुम्ही लिहिलंय की शो फसला, आणि मुलं लहान असल्यामुळं फसला असं घरात सगळ्यांनी धरून चाललंय. मला तसं वाटत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला स्वतः गोळा केलेली पानं कुठं ठेवली ते माहीत नव्हतं. मोटरचं बटण नेमकं कसं दाबायचं हे घरात मागं राहिलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ही मुलगी सोळा वर्षांची झाली तरी याच्यात फरक पडणार नाही, पानांच्या जागी हॉल तिकीट हरवेल एवढंच. तुम्ही दोन दिवस राबून स्वयंपाक, डबे, इस्त्री हे सगळं करून ठेवलंत, पण घर कुणाच्या हवाली केलं नाहीत. चार दिवसांचं काम आधी उरकून ठेवणं आणि चार तासांसाठी जबाबदारी दुसऱ्याच्या हातात देणं, यातलं पहिलं आपल्याला सवयीचं असतं. दुसरं करताना जीव वर येतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या दुसऱ्यातच आहे.

'पोरं मोठी झाल्यावर' हे वाक्य तर मला अजिबात मान्य नाही. आता मुलगी सहावीत आहे. दोन वर्षांत आठवी, तेव्हा शिकवण्या. मग दहावी, मग बारावी, मग नीट नाहीतर सीईटी. तिचं आटोपेपर्यंत मुलगा आठवीत येईल, मग त्याच्या शिकवण्या, दहावी, बारावी. मध्ये कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन. पन्नाशी उलटल्यावर एकदा मोकळ्या व्हाल, तेव्हा संध्याकाळी बाहेर पडायची सवयच मोडलेली असेल.

आणि गाणारे तरी कुठं थांबतात? २०२४च्या जानेवारीत ९ तारखेला उस्ताद राशिद खान गेले, वय अवघं ५५. चारच दिवसांनी, १३ तारखेला, प्रभाताई अत्रे गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीर हुसेन. 'यंदा जमलं नाही, पुढच्या वर्षी नक्की' म्हणणारे किती लोक त्या वर्षी हळहळले असतील. रेकॉर्डिंग आहेतच, यूट्यूबवर रात्रभर ऐका. पण तानपुरे जुळवताना गवयानं मागं वळून शिष्याला केलेली खूण, तालाच्या समेवर आल्यावर अख्ख्या सभागृहातून उठलेलं 'वा', ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. तुम्ही वडिलांबरोबर ते अनुभवलंय, म्हणूनच तर हे पत्र लिहिलंत.

विनोदाचं तर त्याहून जास्त. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांचं एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: एकटा असतो त्यापेक्षा माणूस चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. तुमचे मिस्टर रात्री मोबाइलवर जे बघतात, त्यात ते बहुतेक नुसतं नाकानं 'हुं' करत असणार. तोच विनोद भरलेल्या थिएटरात ऐकला तर डोळ्यांतून पाणी येईल. तेव्हा त्यांची आवडही मोबाइलपुरती ठेवू नका. त्यांना तिची गरज तुमच्याइतकीच आहे. सुताचे भाव, ऑर्डरी आणि कामगार यांच्यात दिवस काढणारा माणूस तो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुम्ही दोघांनी दर वेळी बरोबर जायची काय गरज आहे?

सिनेमा, नाटक, मैफल म्हटलं की नवरा-बायकोनं जोडीनं जायचं, हे आपण गृहीतच धरतो. जोडीनं जायचं म्हणजे दोघांची सुट्टी जुळायला हवी, दोन तिकिटं हवीत, दोन्ही मुलं सासूबाईंवर सोडायला हवीत, आणि दोघांना आवडेल असा कार्यक्रमही मिळायला हवा. या सगळ्या गोष्टी वर्षातून एकदा जुळतात. मग त्या एका संध्याकाळवर सगळ्या वर्षाचा भार येतो आणि हडपसरला पाऊण तास गेला की सगळं मुसळ केरात. शिवाय मैफलीत तीन तास अंधारात गप्प बसायचं असतं. गाण्यात गोडी नसलेल्या माणसाला शेजारी बसवून तुम्ही काय ऐकणार? तो घड्याळ बघणार आणि तुम्ही त्याच्याकडे बघणार.

त्यापेक्षा पाळी लावा. एका शनिवारी तुम्ही मैत्रिणीबरोबर गाण्याला, ते घरी. पुढच्या खेपेला ते मित्रांबरोबर कॉमेडीला, तुम्ही घरी. खर्च निम्मा. मुलांजवळ घरचं माणूस. सासूबाईंवर भार नाही, त्यामुळे त्यांची तक्रार निम्मी आपोआप विरते. वर्षातून एक-दोनदा दोघांना चालेल असं एखादं विनोदी नाटक आलं की जोडीनं जा. तेव्हा मुलांना मामाकडे पाठवा नाहीतर बरोबर न्या.

हे ऐकून मिस्टर म्हणतील, 'मला एकट्याला पोरं सांभाळायला जमत नाही.' जमतं. कारखान्यात माणसं सांभाळतात, दोन पोरं सांभाळणार नाहीत होय! फक्त त्यांना ती खरोखर सांभाळू द्या. जायच्या आदल्या आठवड्यात, पाण्याच्या दिवशी, मोटरपाशी तुम्ही उभ्या राहू नका, त्यांना उभं करा. कॉक कुठला फिरवायचा, मोटर हवा पकडते तेव्हा काय करायचं, वरची टाकी भरल्याचं कशावरून कळतं, हे त्यांनी एकदा स्वतःच्या हातानं केलं की कायमचं झालं. मुलीलाही बघायला लावा, अकरा वर्षांची मुलगी हे सहज शिकते. सासूबाईंची गोळी जेवणाआधीची कुठली आणि नंतरची कुठली, हे तर मिस्टरांना ठाऊक असायलाच हवं, मैफल असो वा नसो. आई त्यांची आहे.

स्वयंपाकाचं काय, हा प्रश्न सोलापूरच्या बाईनं विचारू नये. कडक भाकरी कशासाठी आहे? महिनाभर टिकते, डब्यातून काढायची, सोबत शेंगाची चटणी, दही, एखादा कांदा. धाकट्याला दुधात नाहीतर वरणात कुस्करून द्यायची. सासूबाईंना दात साथ देत नसतील तर त्यांनाही तशीच, नाहीतर मिस्टरांनी खिचडी टाकावी, कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काम आहे. तुम्ही पोळ्या करून, भाजी झाकून, ताटं काढून ठेवून निघालात तर सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही. आठला घरात पसारा दिसेल, साडेनऊला मुलगा जागा असेल, एखाद्या वेळी दात न घासता झोपेल. झोपू दे.

मोबाइलचा नियम मात्र कडक हवा. आत जाताना बंद करा किंवा सायलेंटवर ठेवून पर्सच्या तळाशी टाका, आणि बघायचा तो मध्यंतरात. घरी सांगून ठेवा: कुणी पडलं, कुणाला जास्त ताप आला, सासूबाईंची शुगर उतरून घाम फुटला, तर मैत्रिणीच्या नंबरवर फोन. बाकी काही असो, मध्यंतरापर्यंत थांबायचं. शेजारच्या एखाद्या भरवशाच्या घराला कानावर घालून ठेवा. पहिल्या एक-दोन वेळा मध्यंतरात पाच-सहा मिस्ड कॉल दिसतील. एकेकाला उलट फोन करत बसू नका, मिस्टरांना एक मेसेज टाका आणि चहा-वडा घेऊन तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा.

व्हिडिओ काढू नका, हेही याच्यातच सांगते. समोर माणूस गातोय आणि आपण त्याला पाच इंचांच्या पडद्यावर बघतोय, याचा मला फार वैताग येतो. मागच्या रांगेतल्यांना येतो त्याहून जास्त. कॉमेडी शोमध्ये तर बऱ्याच ठिकाणी मोबाइल काढला की बाहेरच काढतात, कारण कलाकाराचं वर्षभराचं लिखाण दुसऱ्या दिवशी गावभर होतं.

आता कुठं जायचं त्याबद्दल. पुण्याला जाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण पुण्यापासून सुरुवात केलीत तिथं चुकलं. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. रविवारच्या रात्रीचा शो म्हणजे परतीला पहाट आणि सोमवारी पतसंस्थेचं कुलूप उघडायला तुम्ही हजर. पुढं कधी पुण्याला जावंसं वाटलं तर हुतात्मा एक्सप्रेसचा हिशेब करा. सकाळी साडेसहाच्या सुमारास इथून सुटते, साडेदहाच्या आसपास पुण्यात. बालगंधर्वला आणि पुण्याच्या इतर नाट्यगृहांत दुपारी साडेबाराचा प्रयोग ठेवायची जुनी पद्धत आहे. तो साडेतीनपर्यंत सुटतो. निवांत जेवून संध्याकाळी सहाच्या सुमारास तीच गाडी पुण्याहून पकडायची, रात्री दहाच्या आसपास आपण सोलापूर स्टेशनात. मुक्काम नाही, हडपसर नाही, गाडी चालवून नवऱ्याची पाठ धरत नाही. निघण्याआधी वेळा एकदा तपासून घ्या म्हणजे झालं.

डिसेंबरातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला तर तुम्ही एकदा जायलाच हवं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला. पूर्वी तो रात्र-रात्र चालायचा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाला. सरकार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं तेवढीच. मध्यरात्रीनंतरचे राग आता मैदानात ऐकायला मिळत नाहीत म्हणून जाणकार हळहळतात, आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण नोकरी करणाऱ्या, मुलं असलेल्या बायकांचा या नियमानं केवढा फायदा झाला, हे कुणी बोलत नाही. मैदानावरचा कार्यक्रम दहाला, सूट असेल तर बाराला, संपणार म्हणजे संपणार, हे घरी छातीठोकपणे सांगता येतं. बंदिस्त सभागृहाला तो नियम तसा लागू नाही, तेव्हा हुतात्माच्या कार्यक्रमाला सुटायची अंदाजे वेळ आयोजकांना फोन करून विचारून घ्या. पत्रिकेवर साडेसहा लिहून सातला दीपप्रज्वलन आणि साडेसातला सत्कार, हा आपल्या गावचा रिवाज तुम्हाला मी काय सांगू. आणि मागे राहिलेल्या पाहुण्यांच्या मनोगताबद्दल तर मी काही लिहीतच नाही.

गावात काही होत नाही ही तक्रार करणाऱ्यांपैकी तुम्ही नाही, पण पतसंस्थेत ती करणाऱ्या असतील तर त्यांनाही सांगा. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे, रंगभवन आहे. प्रिसिजन फाउंडेशनच्या 'गप्पा' आणि संगीत महोत्सव सोलापूरकरांच्या चांगले अंगवळणी पडलेत. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी इथं होते. रोज एक नवं नाटक, तिकीट अगदी नाममात्र, आणि कधी कधी असं काही बघायला मिळतं की व्यावसायिक नाटकवाल्यांनी शिकावं. (कधी कधी भयानकही असतं. तेव्हा मध्यंतरात उठावं, पाप लागत नाही.) दिवाळी पहाट असते, पण अभ्यंगस्नान, फराळाची ताटं आणि पहाटे सहाची मैफल हे तिन्ही एका बाईनं जमवावं असा सल्ला मी देणार नाही, घरातले फराळाची ताटं लावणार असतील तर गोष्ट वेगळी.

पैशाचा हिशेब करायचा तर फेब्रुवारीच्या एका रात्रीत गेलेल्या आठ-नऊ हजारांत इथं वर्षभर कार्यक्रम बघून होतात. नाटक-मैफलीच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर १८ टक्के लागतो. तेव्हा पाचशेच्या आतलं तिकीट खिशाला दोन्हीकडून परवडतं. ऑनलाइन काढलंत तर वर सुविधा शुल्क लागतं, आणि ते कार्यक्रमाला गेलात न गेलात तरी परत मिळत नाही. नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन काढलं तर तेवढे वाचतात, वर जागाही पसंत करता येते. गाण्याला मधल्या रांगा घ्या. कॉमेडीला मिस्टरांनी पहिली रांग टाळावी. स्टेजवरचा माणूस 'काय करता?' विचारणार, हे 'टॉवेल' म्हणणार, आणि पुढची दहा मिनिटं अख्खं सभागृह टॉवेलवर हसणार. त्यांना ते चालत असेल तर बसू दे बापडे.

कॉमेडीबद्दल अजून एक. स्टँडअपमध्ये शिव्या आणि चावट विनोद असतात. तिकिटावर १६ किंवा १८ वर्षांवरील असं लिहिलं असेल तर ते शोभेसाठी लिहिलेलं नसतं, मुलांना नेऊ नका. आणि बायकोच्या नावानं रडणारे तेच तेच विनोद ऐकून तुम्हाला हसू आलं नाही तर खोटं हसू नका. मला तर त्यांचा कंटाळा आलाय. हे दहा वर्षांपूर्वीचे आहेत असं वाटतं, मग आठवतं की आपण कॉलेजात होतो तेव्हाही हेच होते.

तारखेबद्दल. कुठला कलाकार येतोय ते बघून घरात परवानगी मागायला जाऊ नका. महिन्यातला एक शनिवार आधीच ठरवा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाण्याच्या दिवसाशेजारी लिहून टाका: आई बाहेर. पुढच्या पानावर: बाबा बाहेर. त्या दिवशी गावात जे चांगलं असेल ते बघायचं, काहीच नसेल तर मैत्रिणीकडे बसून रेकॉर्ड ऐका, पण शनिवार सोडायचा नाही. पतसंस्थेचा मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा, दिवाळीआधीची कारखान्याची घाई हे महिने आधीच वगळा. आपल्याकडचा एप्रिल-मे तसाही कुठं जायच्या लायकीचा नसतो. तरी वर्षाला सहा-सात शनिवार हाताशी राहतात. बार्शीच्या चुलतदिराच्या मेहुण्याच्या लग्नाला आपण भर बुधवारी, रजा टाकून, दोन्ही पोरांसकट जातोच ना? तेव्हा घर कधी अडलं नाही.

पहिल्या मैफलीत तुमचं चित्त लागणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पहिला अर्धा तास सोमवारचा डबा, मुलाचा बूट, गॅस बंद केला का, हेच डोक्यात फिरेल. ख्यालाची एक सोय असते, विलंबित सावकाश चालतं, तुमची वाट बघतं. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू होईपर्यंत तुम्ही आलेल्या असता. मध्येच डुलकी लागली तरी ओशाळू नका. आठवडाभर राबलेल्या बाईला अंधारात, गार हवेत, तानपुऱ्याच्या सुरात झोप आली तर त्यात गवयाचा अपमान काही नाही, घोरू नका म्हणजे झालं. विनोदाला मात्र ही सवलत नाही, पहिल्या वाक्याला लक्ष नसलं तर तिसऱ्याला हसू येत नाही. पण तो दमलेल्या माणसालाही उचलून नेतो. म्हणून मी लोकांना सांगत असते, कामाच्या दिवशी संध्याकाळी विनोद, सुट्टीच्या दिवशी ख्याल.

आता सासूबाई. त्यांचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला त्यात दुसरंच ऐकू आलं. 'मेळे बघितले तेवढेच, त्यानंतर कुठं काय.' या बाईला साठ वर्षांपूर्वीचे मेळे अजून आठवतात, आणि त्यानंतर तिला कुणी कुठं नेलं नाही. सून जायला लागल्यावर ते वर येणारच. त्यांची समजूत घालू नका. त्यांना विचारा, मेळ्यात काय काय असायचं, कुठल्या पेठेत बसायच्या, कोण न्यायचं. मग गुरुपौर्णिमेच्या आधी अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाच्या आवारात रोज संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम होतात, तिथं एकदा त्यांना न्या. चाळीसेक किलोमीटर, स्वामींचं दर्शन होतं, महाप्रसाद होतो आणि गाणंही होतं. त्यांची जेवणाची वेळ आणि गोळी सांभाळा, पाठीला टेकायला जागा मिळेल अशी बैठक बघा. तुमच्या मैफलीला परवानगी मिळावी म्हणून ही लाच देऊ नका, त्यांना कळतं. त्यांचीही एक पाळी आहे म्हणून न्या.

धाकट्याला डीजे असलेल्या, मोठ्या स्पीकरच्या मैदानी कार्यक्रमाला नेणार असाल तर स्पीकरपासून लांब बसा आणि लहान मुलांचे कानावर लावायचे जाड मफ घ्या. सतत ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानाला बाधतो, आणि तसल्या कार्यक्रमात तो शंभरच्या आसपास सहज जातो. तुमच्या वडिलांनी तुम्हाला नेलं ते सभागृहात बसून ऐकायचं गाणं होतं, त्याची गोष्ट निराळी.

मुलीचं मात्र गाण्या-नाटकाला न्यायचं वय झालंय. पुढच्या महिन्यात तिला नेऊ नका, ती संध्याकाळ तुमची आणि मैत्रिणीची. त्यानंतर दुपारचा एखादा कार्यक्रम बघून तिला एकटीला बरोबर घ्या, भावाला नको. तिचं वेगळं तिकीट काढा आणि ते तिच्या हातात द्या, दारावर तिनंच दाखवायचं. मध्यंतरात कंटाळली म्हणाली तर हट्ट न करता घरी घेऊन या, आणि पुढच्या खेपेला तिला बाबांबरोबर नाटकाला पाठवा.